आत्याची फळी कच्ची नव्हती

हे आधीच सांगून टाकते, म्हणजे अर्ध्यावर उठून जाणाऱ्यांनाही कळलेलं असेल. माझ्या आत्याने केलेली एकही फळी कधी कच्ची नव्हती. जी एक पाण्यात उकलली, ती कुणामुळे उकलली हे आमच्या घरातल्या सगळ्यांना पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. तलावाच्या धक्क्यावरच्या लोकांना मात्र त्याच्या बरोबर उलट माहीत होतं. या दोन्हींच्या मधोमध मी वाढले, आणि त्याचा मला अजून राग आहे.

फळी म्हणजे पाण्यावरची. मोटरबोटीच्या मागे लांब दोर बांधतात, दोराच्या टोकाला लाकडी मूठ असते. ती मूठ धरून पाण्यात बसायचं, पाय फळीवरच्या पट्ट्यांत अडकवायचे आणि बोट निघाली की तिच्या ओढीने पाण्याबाहेर उभं राहायचं. जमलं तर माणूस पाण्यावरून घसरत जातो, नाही जमलं तर नाकातोंडात पाणी. आता अशा फळ्या फायबरच्या मिळतात. दुकानात भडक रंगांत रांगेने उभ्या असतात. आत्या लाकडाच्या करते, आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये.

करायची रीत ऐकायला सोपी आहे. पातळ प्लायवुडची तीन पानं गोंद लावून एकावर एक ठेवायची आणि वाकड्या साच्यावर दाबून क्लॅम्पने, म्हणजे स्क्रूच्या लोखंडी चिमट्यांनी, आवळायची. साचा वाकलेला तशी फळी वाकते, दोन्ही टोकं वर आणि पोट खाली. हा बाक म्हणजेच फळी, असं आत्या म्हणते. बाक गेला की फळीचं नाक पाण्यात घुसतं आणि वरचा माणूस पुढे फेकला जातो. म्हणून गोंद पुरता सुकेपर्यंत क्लॅम्पला कुणी हात लावायचा नाही. मग आकार कापायचा, कडा रंध्याने गोल करायच्या, घासायचं, पाणी शिरू नये म्हणून लेप द्यायचा, पट्टे बसवायचे. एका फळीला इतके क्लॅम्प लागतात की शेडमध्ये ते कितीही आणले तरी कमीच पडतात. भिंतीला लटकलेले, कामाच्या बाकड्याखाली पडलेले, एक तर मी आईच्या पिठाच्या डब्यामागे पाहिला आहे.

आत्या रागीट आहे असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. रागीट माणसाला कशाचाही राग येतो. आत्याला ठरावीक गोष्टींचाच येतो, फक्त त्या गोष्टी फार आहेत. "छंद म्हणून करता का?" असं विचारणाऱ्याचा येतो. तिचा रंधा शेल्फवर आडवा न ठेवता पात्यावर उभा ठेवणाऱ्याचा येतो. लग्न झालं नाही का, असं विचारलं तर ती सांगते, झालं नाही नव्हे, केलं नाही, आणि विचारणाऱ्याकडे अशी बघते की तो स्वतःच्या लग्नाबद्दल विचार करायला लागतो. एकदा एका हौशी माणसाने तिच्याकडून फळी नेली आणि बैठकीच्या भिंतीवर टांगली, वर दिवा लावून. आत्या पट्टे बदलून द्यायला त्याच्याकडे गेली होती. तिने फळी भिंतीवरून उतरवली, काखेत मारली आणि जिना उतरू लागली. तो मागून विनवण्या करत आला. शिकायला येईन असं कबूल केल्यावरच त्याला फळी परत मिळाली. तो आता बऱ्यापैकी उभा राहतो.

हे सगळं तिने एकटीने सुरू केलं नाही. माझ्या बाबांबरोबर केलं. बाबा तिचा धाकटा भाऊ. आजोबा दारं-खिडक्या करायचे. आत्या त्यांच्या हाताखाली शिकली, बाबा शिकले नाहीत, त्यांचा जीव इंजिनांत. तलावावर कुणाची तरी मोटरबोट आली तशी ती पुसायचं काम बाबांनी मिळवलं आणि महिन्याभरात चालवायचंही. त्या बोटीमागे कुणाला तरी ओढायचं हे दोघांच्या डोक्यात एकदमच आलं. आजोबा बाहेर गेल्याचं बघून दोघांनी घरातल्या कपाटाचं दार काढलं. ते पाण्यावर काही केल्या धड चालेना. दोघं ते काठावर तसंच भिजत टाकून घरी आली आणि आजोबांनी दोघांची चामडी लोळवली. दुसऱ्या दिवशी दार आणायला गेली तर ते भिजून वाकलं होतं, आणि वाकल्यावर भलतंच छान चाललं. आत्याला बाक कळला तो तिथे. बाबा ही गोष्ट मला लहानपणी फार रंगवून सांगायचे. नंतर सांगायचे बंद झाले.

तेव्हापासून तिचा एक नियम आहे. प्रत्येक नवी फळी पहिल्यांदा ती स्वतः चालवते. आणि बोट बाबांनीच चालवायची. दोराला हिसका न देता बोट सोडणं हे सगळ्यांना जमत नाही. बाबांना जमतं, झोपलेल्या पोराच्या अंगावरची चादर सरळ करावी इतक्या अलगद.

या कामाला तिसरं माणूस लागतं. चालवणाऱ्याला पुढे बघावं लागतं, म्हणून दुसऱ्या कुणीतरी मागे तोंड करून बसायचं आणि फळीवरचा माणूस हाताने काय सांगतो ते चालवणाऱ्याला सांगायचं. अंगठा वर म्हणजे वेग वाढव. अंगठा खाली म्हणजे कमी कर. हात डोक्यावर ठेवला म्हणजे पुरे, परत चल. बोलायला लागल्यापासून हे काम माझं. मला बाबांची पाठ आणि आत्याचा चेहरा, असं एकाच वेळी अनुभवायची सवय झाली. त्यांची पाठ माझ्या पाठीला टेकलेली, तिचा चेहरा समोर.

तो दिवस असा. मी शाळेत जाण्याच्या वयाची होते. आत्याने एक फळी साच्यावर आवळून ठेवली होती आणि ती लेपाचं सामान आणायला गावात गेली होती. इकडे बाबा चालवायचे त्या बोटीचा लाकडी तळ एका बाजूने उखडला होता. मालक दुपारी येणार होता. तळ चिकटवायला क्लॅम्प हवे होते. बाबा शेडमध्ये गेले, गोंदाला बोट लावून बघितलं, वरून कडक लागला, आणि त्यांनी फळीच्या मधले क्लॅम्प सोडले. बोटीला लावले, काम झालं, मालक येऊन गेला. मग त्यांनी क्लॅम्प परत आणून फळीला होते तसे आवळले. आत्या आली तेव्हा सगळं जागच्या जागी होतं.

वरून कडक झालेला गोंद आत ओला असतो. क्लॅम्प सुटले की पानं आपापल्या जागी सरळ व्हायला बघतात आणि गोंदाची पकड तुटते. परत आवळलं की फळी दिसते तशीच, पण आत ती एक राहिलेली नसते. हे आज मला कळतं तसं बाबांनाही तेव्हा कळत होतं. ते सुताराच्या पोटी जन्मले होते.

फळी पुरी झाली, आत्या ती घेऊन पाण्यात उतरली. मी मागे बघत होते. ती छान उभी राहिली, तिने अंगठा वर केला, मी बाबांना सांगितलं, वेग वाढला. मग फळीचं नाक हळूच खाली गेलं. पानं सुटून वेगवेगळी झालेली मला दिसली. आत्या डाव्या अंगावर पाण्यावर आदळली. त्या वेगात पाणी फरशीसारखं लागतं. तिला बोटीत घेतलं तेव्हा डाव्या कानातून रक्त येत होतं. त्या कानाने तिला नंतर कधीच ऐकू आलं नाही.

कान गेला त्याचं ती कधी बोलत नाही. ती बोलते ते पुढच्या गोष्टीबद्दल. धक्क्यावर लोक जमले. आत्याला बाकड्यावर निजवलं होतं. कुणीतरी विचारलं, कसं झालं? आणि बाबा म्हणाले, "फळी कच्ची होती."

ती शुद्धीत होती. उजव्या कानाने तिने ते ऐकलं.

दवाखान्यातून घरी आल्यावर ती सरळ शेडमध्ये गेली. क्लॅम्पचा लोखंडी जबडा फळीत रुतू नये म्हणून त्याच्याखाली लाकडाचे छोटे ठोकळे ठेवतात, आत्या दर फळीला नवे. एकदा आवळलेल्या ठोकळ्यावर जबड्याचा एक गोल वळ उठतो. कडेच्या सगळ्या ठोकळ्यांवर एकेकच होता. मधल्या ठोकळ्यांवर दोन दोन होते, एकमेकाला घासून. तिने बाबांना बोलावलं आणि ठोकळे दाखवले. बाबांनी नाकारलं नाही. म्हणाले, मालकाने मला काढलं असतं. ती म्हणाली, ठीक आहे, आता धक्क्यावर जाऊन सांग. ते म्हणाले, सांगतो. दुसऱ्या दिवशी सांगितलं नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. आठवडा उलटल्यावर तिने ते दोन वळांचे ठोकळे शेडच्या दारावर बाहेरून खिळ्याने ठोकले, बरोबर बाबांच्या नजरेच्या उंचीवर. बाबांना कामावर जायला तिथूनच वाट आहे. त्या दिवसापासून ती त्यांच्याशी बोलली नाही.

तिने स्वतः धक्क्यावर का सांगितलं नाही असं वाटेल. सांगितलं होतं. लोकांनी मान डोलावली आणि पाठीमागे म्हणाले, बाई आपली चूक भावाच्या गळ्यात बांधते आहे. मग तिने सांगायचं सोडलं. ज्याने केलं त्याच्याच तोंडून ते निघायला हवं, एवढंच तिने धरून ठेवलं. गिऱ्हाइकं तुटली. थोडी टिकली, ती मैलोन्मैल लांबून यायची, धक्क्यावरच्या गप्पा न ऐकलेली.

आता गंमत बघा. बोलणं बंद, पण नियम चालू. नवी फळी झाली की आत्या दोर धरून पाण्यात, बाबा बोटीत, आणि मधे मी. तिला मी विचारलं होतं, दुसरा कुणी चालक का बघत नाहीस. ती म्हणाली, तो खोटारडा आहे, पण हात चांगला आहे, आणि मला पाण्यात हात लागतो. घरातही तेच. एकाच टेबलाशी जेवायला बसून आत्या म्हणायची, "तुझ्या बापाला सांग, माझं गिरमिट जागेवर ठेव म्हणावं." बाबा माझ्याकडे बघून म्हणायचे, "आत्याला सांग, ठेवलंय." गिरमिट दोघांच्या मधे टेबलावर पडलेलं असायचं. आई म्हणायची, जेवा आधी. मी निरोप देत देत मोठी झाले. आता मी एका दवाखान्यात आत डॉक्टर आणि बाहेर रोगी यांच्या मधे उभी राहून नावं पुकारते. नोकरीसुद्धा देवाने तसलीच शोधून दिली.

आणखी एक. त्या दिवसानंतर आत्या प्रत्येक फळी पुरी झाली की बाकड्यावर आडवी ठेवते, उजवा कान तिला लावते आणि बोटाच्या पेराने टोकापासून टोकापर्यंत ठोकत जाते. पोकळ आवाज आला तर फळी गेली. तसा आवाज कधी आला नाही. तरी प्रत्येक वेळी ती सगळी फळी ऐकते आणि त्या वेळी तिचा चेहरा बघवत नाही. तिला स्वतःच्या हाताबद्दल शंका नाही. पण सगळं गाव इतकी वर्षं एक गोष्ट म्हणत राहिलं की माणूस कान लावून बघतोच. बाबांना मी कशासाठी माफ केलं नसेल तर त्या ठोकण्यासाठी.

मागच्या वर्षी तलावावर नवा क्लब आला. त्याचा सेक्रेटरी म्हणजे नीटनेटका, मवाळ बोलणारा माणूस. त्याला नवशिक्यांसाठी लाकडी फळ्या हव्या होत्या, कारण लाकडाची फळी पाण्यावर शांत राहते हे त्याला कुठूनतरी ठाऊक होतं. बोट चालवायलाही कायमचा माणूस हवा होता. बाबांनी तोवर स्वतःची जुनी छोटी बोट घेतली होती आणि तिच्यावर कसंबसं भागवत होते. म्हणजे एकाच माणसाकडून आत्याला फळ्यांचं काम मिळायचं होतं आणि बाबांना बोटीचं. आई बिचारी खूश झाली. तिला वाटलं आता तरी ही दोघं बोलतील.

सेक्रेटरीने रविवारी सकाळी धक्क्यावर नमुन्याची फळी बघायला बोलावलं. आत्याने ती महिनाभर राबून केली होती. मला ती फळी अजून डोळ्यासमोर दिसते. कडा इतक्या मऊ की हात लावला की काढवत नव्हता. सेक्रेटरीने ती उलटसुलट करून बघितली, खूश झाला, आणि मग जरा संकोचून म्हणाला, एक विचारायचं होतं, राग मानू नका. नवशिके लोक असणार, काही बायका, काही मुलं. लोक सांगतात की पूर्वी तुमची एक फळी पाण्यात उकलली होती. खरं काय ते कळलं तर बरं.

धक्क्यावर बोटी धुणारे होते, चहावाला होता, वाट बघत बसलेली दोन कुटुंबं होती. सगळ्यांनी ऐकलं. आत्या लालबुंद झाली, पण तिने आवाज चढवला नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझ्या बापाला विचार."

बाबा खाली वाकून दोराची गाठ तपासत होते. ती गाठ त्यांनी स्वतःच बांधली होती, तपासायचं काही नव्हतं. मला वाटलं, आता. इतक्या वर्षांनी कुणीतरी समोरून सरळ विचारलं आहे, आता नाही म्हणायला जागाच नाही. बाबा उभे राहिले, सेक्रेटरीकडे बघून हसले आणि म्हणाले, "जुनी गोष्ट आहे हो. तेव्हा गोंदच चांगला मिळायचा नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पहिलं खोटं घाबरून बोललेलं होतं, एक वेळ समजू शकते. हे गोड होतं. कुणालाच दुखवायचं नाही, स्वतःला तर नाहीच, आणि आत्याने हात चोळत गप्प बसायचं. सेक्रेटरीने समजल्यासारखी मान हलवली आणि फळीकडे पुन्हा बघितलं. या वेळी त्याने तिच्या कडेवर नख घासून बघितलं.

आत्याने त्याच्या हातातून फळी घेतली. लाइफ जॅकेट घातलं, धक्क्याच्या पायऱ्या उतरून पाण्यात गेली, पाय पट्ट्यांत अडकवले आणि मूठ धरली. आम्ही बोटीत बसलो. बाबांनी अलगद बोट सोडली. आत्या उभी राहिली, आणि मी सांगते, त्या वयाची बाई तशी उभी राहिलेली मी बघितली नाही. फळी पाण्यावर चिकटल्यासारखी चालत होती. तिने वळण घेतलं, परत घेतलं. काठावर कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मग तलावाच्या मधोमध आल्यावर तिने माझ्याकडे बघितलं आणि मूठ सोडून दिली.

पडली नाही. सोडली. ती हळूच पाण्यात बसली, जॅकेटवर तरंगायला लागली. मी बाबांना सांगितलं, ते वळून तिच्याजवळ आले, नियमाप्रमाणे इंजिन बंद केलं. मी मूठ तिच्याकडे ढकलली. तिने ती घेतली नाही. पाण्याखाली पाय सोडवले, फळी बोटीकडे लोटली, आणि बाबांशी बोलली. माझ्याशी नाही. सरळ बाबांशी. एक कान गेल्यापासून तिचा आवाज तसाही मोठा, आणि पाण्यावरून आवाज लांब जातो.

"ही फळी घे. लोकांना सांग, मग मी वर येते. तोवर मी इथेच आहे."

बाबा माझ्याकडे वळले. "तिला सांग, वर ये. पाणी गार आहे."

मी मागे बघणारी. आयुष्यभर हेच केलं होतं, तोंडातून आपोआप निघणार होतं. पण राग आधी निघाला. मी म्हणाले, "मी सांगणार नाही. तुम्हीच सांगा. मी आता कुणाला काहीच सांगणार नाही."

बाबा मग बोटीच्या कडेवरून वाकून म्हणाले, "ताई, वर ये."

तिने मान वळवून डावा कान त्यांच्याकडे केला.

ते पुन्हा म्हणाले, थकशील, थंडी वाजेल, घरी जाऊन बोलू. ती डावा कान तसाच ठेवून काठाकडे बघत तरंगत होती. तिचे ओठ निळे पडायला लागले होते आणि चेहरा मात्र ढिम्म होता. बाबांना धक्क्यावर जाऊन सांगायचं तर तिला पाण्यात टाकून जावं लागलं असतं. पाण्यात माणूस सोडून बोट हलवायची नाही, हे एक त्यांनी जन्मात कधी मोडलं नव्हतं. त्यामुळे ते अडकले. मला त्यांची दया आली नाही. हेही लिहून ठेवते.

शेवटी ते बोटीत उभे राहिले, काठाकडे तोंड केलं आणि ओरडले, "फळी कच्ची नव्हती."

काठावरून सेक्रेटरीने तोंडाभोवती हात धरून विचारलं, कुठली फळी? त्या बिचाऱ्याला वाटलं आजच्या फळीचं काही झालं. म्हणजे आता सगळं नीट, पहिल्यापासून, ओरडून सांगणं आलं.

"ती जुनी. उकललेली. गोंद ओला होता तेव्हा तिचे क्लॅम्प मी काढले होते. बोटीचा तळ चिकटवायला. परत लावून ठेवले, हिला सांगितलं नाही. ती माझ्यामुळे पडली. आणि फळी कच्ची होती हे मी खोटं बोललो." त्यांनी दम घेतला. "मघाशीही खोटं बोललो."

काठावर चहावाल्याचा स्टोव्ह तेवढा ऐकू येत होता.

आत्याने मान वळवली आणि आता उजवा कान बाबांकडे केला. म्हणाली, "पुन्हा."

तिने ऐकलं होतं. सगळ्या तलावाने ऐकलं होतं. पण बाबा गुडघ्यावर बसले आणि फक्त तिला ऐकू जाईल इतक्या हळू त्यांनी ते सगळं परत सांगितलं. सांगताना ते रडत होते. ती रडली नाही. संपल्यावर तिने पाण्यातून हात बाहेर काढला आणि डोक्यावर ठेवला. पुरे, परत चल. मी तो निरोप दिला नाही. तो त्यांनी स्वतःच बघितला.

सगळं गोड झालं असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. सेक्रेटरीने फळ्यांचं काम आत्याला दिलं आणि बोटीचं दुसऱ्या माणसाला. बाबांना म्हणाला, तुम्ही खरं सांगितलंत याचा मान आहे, पण माझ्या मुलांना मी तुमच्या हाती देऊ शकत नाही. आईने त्याला घरात मनसोक्त शिव्या घातल्या. आत्या म्हणाली, त्याने बरोबर केलं. मात्र फळ्या द्यायची वेळ आली तेव्हा तिने क्लबला बजावलं, प्रत्येक फळीची पहिली फेरी मी करणार आणि त्या फेरीला बोट माझा भाऊ चालवणार, नसेल पटत तर फळ्या मिळणार नाहीत. सेक्रेटरीला ते मान्य करावं लागलं.

माफी वगैरे काही झाली नाही. मी तिला विचारलं तर म्हणाली, राग आहे तिथेच आहे, फक्त आता मी तो त्याच्या तोंडावर काढू शकते. आणि ती काढते. घरात आता दिवसभर भांडणं असतात, थेट, माझ्याशिवाय. दारावरचे ठोकळे तिथेच आहेत. बाबांनी एकदा ते काढू का विचारलं तर ती म्हणाली, हात लावशील तर बघ. फळीला कान लावून ठोकणं मात्र तिने सोडलं. कधी सोडलं ते मला कळलंही नाही. एक दिवस फळी पुरी झाली आणि तिने ती सरळ उचलून भिंतीला लावली.

परवा संध्याकाळी मी शेडमध्ये बसले होते. आत्याने क्लबची एक फळी नुकतीच आवळली होती आणि ती हात पुसत होती. बाबा दाराशी आले. त्यांच्या जुन्या बोटीचा तळही आता सुटायला लागला आहे. ते उंबऱ्याच्या आत आले नाहीत, ठोकळ्यांच्या शेजारी उभे राहिले.

"ताई, चार क्लॅम्प देतेस का?"

आत्याने फळीकडे बघितलं. "आत्ता नाही. गोंद ओला आहे. उद्या ने."

"बरं," बाबा म्हणाले, आणि गेले.

आत्या रंधा उचलून पुढच्या कामाला लागली. मला मात्र तिथे बसवेना. मी उठून बाहेर आले, आणि संतापाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढंच विचारायचं होतं. तेव्हाही तिने हेच उत्तर दिलं असतं.